शाळेच्या पाच पायऱ्या आणि हक्काचा प्रश्न

आमच्या शाळेच्या मुख्य इमारतीत शिरण्यासाठी पाच पायऱ्या चढाव्या लागतात. येथील वसतिगृहात राहून शिकलेल्या आमच्यापैकी कोणालाही विद्यार्थिदशेत ही संख्या सांगता आली नसती. कारण ज्याला पायऱ्या सहज चढता येतात, तो त्या मोजत नाही. गेली काही वर्षे आम्ही सात माजी विद्यार्थी पूर्व विदर्भातील खेड्यांमध्ये दिव्यांग व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांसोबत काम करीत आहोत. या कामाने आम्हाला लावलेली पहिली सवय म्हणजे पायऱ्या मोजण्याची. ग्रामपंचायतीच्या तीन, बँकेच्या चार, विहाराच्या सात आणि आमच्या शाळेच्या पाच.

शाळेच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत आम्ही काही लिहावे, असे संस्थेने आपुलकीने कळविले. स्मरणिकेत कृतज्ञता व्यक्त व्हावी ही रीत आहे आणि ती आम्हांस मनापासून मान्य आहे. या संस्थेने दोन वेळचे जेवण, अंथरूण आणि पुस्तके दिली नसती, तर आमच्यापैकी बहुतेकजण आज धानाच्या बांधीत किंवा वीटभट्टीवर दिसले असते. परंतु ज्या घराचे मीठ खाल्ले, त्या घराला खरे ते सांगणे हाही कृतज्ञतेचाच भाग आहे, असे आम्ही मानतो. म्हणून हा लेख केवळ आठवणींचा नाही. तो एका मागणीचा आहे.

आम्ही आठवीत असताना आमच्या खोलीत एक मुलगा होता. गणितात हुशार, अक्षर मोत्यासारखे. हिवाळ्यात पहाटे पाच वाजता हौदावरच्या गार पाण्याने आंघोळ आणि त्यानंतर मैदानावर कवायत, असा शिरस्ता होता. थंडी वाढली की त्याचे हातपाय ठणकू लागत. रात्री तो उशीत तोंड खुपसून कण्हत असे. त्याच्या डोळ्यांत पिवळसर झाक होती, म्हणून आम्ही त्याचे नावच ‘पिवळ्या’ पाडले होते. कवायतीला तो मागे राहिला की शिक्षक म्हणत, हा नाटक करतो. आणि आम्हीही तेच म्हणू लागलो. सहामाही परीक्षेनंतर एका दुपारी त्याचे वडील आले, त्यांनी त्याची पत्र्याची पेटी खांद्यावर घेतली आणि दोघे बसथांब्याकडे चालू लागले. त्याला कोणी काढून टाकले नव्हते, आणि कोणी थांबवलेही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर दुसऱ्याची वळकटी आली.

त्याला सिकलसेल होता, हे आम्हाला पुष्कळ वर्षांनी कळले. आज तो आजार अधिक समजून घेतल्यावर त्या हिवाळ्याचा प्रत्येक दिवस आम्हाला वेगळा दिसतो. या आजारात रक्तातील गोल तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. गारवा, शरीरातील पाण्याची कमतरता आणि अतिश्रम यांनी हा त्रास उसळतो. म्हणजे गार पाण्याची आंघोळ आणि उपाशीपोटी कवायत ही त्याच्यासाठी शिस्त नव्हती. ती इजा होती. इजा करण्याचा हेतू कोणाचाच नव्हता, हे आम्ही जाणतो. परंतु दिव्यांग माणसांच्या वाट्याला येणारी बहुतेक इजा हेतूविनाच होत असते, आणि म्हणूनच तिच्याबद्दल कोणाला पश्चात्तापही होत नाही.

या आजाराचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहोत. नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात आदिवासी समाजात आणि आपल्या बौद्ध समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. आपल्या शाळेत येणारी मुले याच वस्त्यांमधून येतात. तरीही घरोघरी हा विषय दबक्या आवाजात बोलला जातो. मुलीचे लग्न मोडेल, लोक रक्तात दोष आहे म्हणतील, ही भीती त्यामागे असते. वास्तविक, या जनुकाचा एकच अंश असलेल्या वाहक व्यक्तीला मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते. म्हणूनच जेथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरियाचे थैमान होते, तेथे हे जनुक टिकून राहिले. यात कुळाचा कलंक नाही आणि जातीचा तर नाहीच. आई व वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक इतकी असते. हे गणित विवाहापूर्वी साध्या रक्ततपासणीने समजू शकते. ज्या समाजाने पत्रिका जुळवणे सोडले, त्या समाजाला रक्ततपासणीची लाज वाटण्याचे कारण नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा कायदा 19 एप्रिल 2017 पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते. नव्या कायद्यात ते 21 झाले. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे विकार त्यांत प्रथमच समाविष्ट झाले. संयुक्त राष्ट्रसंघाने 13 डिसेंबर 2006 रोजी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने 1 ऑक्टोबर 2007 रोजी त्यास मान्यता दिली. त्या कराराशी सुसंगत व्हावे म्हणून हा नवा कायदा करावा लागला. या कराराचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे, की अडचण केवळ माणसाच्या शरीरात नसते; ती शरीर आणि परिसर यांच्या गाठीत असते. चाकाच्या खुर्चीवरील मुलगी अडते ती पायांमुळे जितकी, तितकीच पायऱ्यांमुळे. पाय बदलता येत नसतील. पायऱ्या बदलता येतात.

या कायद्याचे कलम 16 शासनाने अनुदान दिलेल्या वा मान्यता दिलेल्या शैक्षणिक संस्थांवर स्पष्ट जबाबदारी टाकते. दिव्यांग मुलांना भेदभावाविना प्रवेश द्यावा, इमारत व परिसर त्यांना वापरता येईल असा करावा आणि प्रत्येकाच्या गरजेनुसार यथोचित सोय करावी, असे ते सांगते. कलम 31 अन्वये 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत अथवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय नोकऱ्यांत 4 टक्के आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत 5 टक्के जागा राखीव आहेत. मात्र नोकरीतील आरक्षणाच्या यादीत सिकलसेल आणि इतर रक्तविकारांना स्थान नाही. कायद्याने ज्याला दिव्यांग मानले, त्यालाच रोजगाराच्या दारात वगळले. या अर्धवट न्यायाविरुद्ध बोलण्याची जबाबदारी ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्यावर, म्हणजे आपल्यावरही येते.

2011 च्या जनगणनेनुसार भारतात 2 कोटी 68 लाख व्यक्ती दिव्यांग आहेत. एकूण लोकसंख्येच्या 2.21 टक्के. महाराष्ट्रात ही संख्या सुमारे 29 लाख 60 हजार होती. देशातील दिव्यांगांपैकी 69 टक्के ग्रामीण भागात राहतात, आणि सुमारे 45 टक्के निरक्षर होते. या गणतीत सिकलसेलची स्वतंत्र नोंदच नव्हती. तेव्हा खरी संख्या याहून मोठी असणार. आता एक साधा हिशेब करू. आपल्या शाळेत इतक्या वर्षांत हजारो विद्यार्थी शिकून गेले. शंभरांत दोन हे प्रमाण धरले, तरी त्यांत कितीतरी दिव्यांग मुले असायला हवी होती. आम्हाला आठवतो तो एक, आणि तोही निघून गेलेला. उरलेली मुले कोठे होती? ती गावीच होती. आम्ही पेटी घेऊन बसमध्ये चढत होतो, तेव्हा ती ओसरीवर बसून पाहत होती.

ही मुले, आणि आता मोठी झालेली ही माणसे, शोधत गावोगाव जाणे हेच आमचे काम आहे. याला समुदायाधारित पुनर्वसन म्हणतात. 1978 च्या अल्मा-आटा घोषणापत्रानंतर जागतिक आरोग्य संघटनेने हा विचार पुढे आणला. मोठ्या शहरातील संस्था आणि तज्ज्ञ थोड्यांनाच लाभतात. तेव्हा कुटुंब, शेजार, ग्रामपंचायत आणि स्थानिक साधने यांच्या बळावर दिव्यांग व्यक्तीचे जीवन गावातच उभे राहावे, ही त्यामागील भूमिका होती. पुढे 2010 मध्ये या कामाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांत आरोग्य, शिक्षण, उपजीविका, सामाजिक जीवन आणि सक्षमीकरण अशी पाच अंगे सांगितली आहेत. यांतील एकही अंग सुटले तर उरलेली चार लंगडी पडतात, हे आम्ही प्रत्यक्ष अनुभवले आहे.

एका गावात मेंदूचा पक्षाघात असलेली सहा वर्षांची मुलगी दिवसभर खाटेवर पडून असे. तिला बसता येत नाही, हे सर्वांनी गृहीत धरले होते. आम्ही भौतिकोपचार तज्ज्ञाकडून मापे घेतली आणि गावच्या सुतारदादांनी कोपऱ्याच्या आकाराची, पुढे फळी असलेली एक खुर्ची बनविली. तिसऱ्या महिन्यात ती त्या खुर्चीत बसून वरणभात खाऊ लागली. आम्ही यास यश समजलो. परंतु खुर्ची अंगणवाडीत नेण्याचा विषय निघाला, तेव्हा इतर मुलांच्या आया कुरकुरल्या, आणि मुलीची आजी म्हणाली, “बाळा, तिले घरीच असू दे. लोकं मागच्या जन्माचं काढतात.” मुलगी बसायला शिकली होती, पण गावाला अजून तिच्याशेजारी बसता येत नव्हते. आरोग्याचे काम तीन महिन्यांत झाले. सामाजिक जीवनाचे काम पुढे दोन वर्षे चालले.

दुसऱ्या एका गावातील अनुभवही सांगण्यासारखा आहे. महाराष्ट्रातील ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातील 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी हा निधी मार्चअखेरीस भांडी, चादरी वाटून किंवा थोडी रोख रक्कम देऊन संपविला जातो. वाटपाचे छायाचित्र निघते, देणारा हसतो आणि घेणारा मान खाली घालतो. त्या गावातील एका अंध तरुणाने ग्रामसभेत उभे राहून विचारले, “हा पैसा आमच्या हक्काचा आहे ना? मग तो कशावर खर्चायचा हे आम्हाला कोणी विचारलं?” सभा क्षणभर गप्प झाली. त्या वर्षी चादरी आल्या नाहीत. ग्रामपंचायतीच्या दारात उतार आला आणि हातपंपाभोवती कठडा आला. रक्कम मोठी नव्हती, पण पहिल्यांदाच दिव्यांगांनी ती घेतली नव्हती, ती ठरविली होती. दया आणि हक्क यांतील अंतर आम्हाला कोणत्याही पुस्तकाने इतके स्पष्ट करून दिले नाही.

प्रमाणपत्राची कथा तर घरोघरी एकच आहे. वैश्विक ओळखपत्राशिवाय निवृत्तिवेतन नाही, प्रवासात सवलत नाही, शिष्यवृत्ती नाही. ते मिळविण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावे लागते. ज्याला चालता येत नाही, त्यालाच सर्वांत लांब जावे लागते. एक फेरी म्हणजे दोन माणसांची मजुरी बुडाली. पहिल्या फेरीत डॉक्टर नसतात, दुसऱ्यात कागद अपुरा असतो, तिसऱ्यात नावातील वेलांटी चुकलेली असते. सिकलसेलच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. वेदना दिसत नाही. हात तुटलेला दिसतो, डोळा नसलेला दिसतो. सांध्यात पेटलेली आग दिसत नाही. जे दिसत नाही त्यावर विश्वास ठेवायला आपण अजून शिकलेलो नाही, आणि आमच्या आठवीच्या वर्गाची चूकही नेमकी तीच होती.

आजीने काढलेल्या मागच्या जन्माच्या प्रश्नाकडे आता वळले पाहिजे, कारण बौद्ध संस्थेच्या स्मरणिकेत तो टाळणे योग्य होणार नाही. उदान या पालि ग्रंथात सुप्पबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. राजगृहात मोठा जमाव पाहून, येथे अन्नवाटप चालले असावे, या आशेने तो तेथे गेला. पाहतो तो तथागत धम्म सांगत होते. कोपऱ्यात बसलेल्या या माणसाला तथागतांनी पाहिले, या सभेत धम्म समजण्यास योग्य हाच आहे हे ओळखले आणि त्याला उद्देशून उपदेश केला. तो भीक मागायला आला होता. त्याला ज्ञान मिळाले. आम्हाला ही कथा समावेशनाची फार मोठी शिकवण वाटते. मात्र प्रामाणिकपणे हेही नोंदविले पाहिजे, की त्याच कथेच्या शेवटी त्याच्या रोगाचे कारण पूर्वजन्मातील दुष्कृत्य असल्याचे सांगितले आहे. आणि विनयात कुष्ठ, क्षय, अपस्मार अशा व्याधी असलेल्यांना प्रव्रज्या देऊ नये, असा नियमही आढळतो. आमच्या परंपरेत दार उघडणारे हात आहेत, तसेच दार लोटणारेही आहेत. कोणते हात आपले मानायचे, हे आपणच ठरवायचे आहे.

या बाबतीत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्यासाठी मार्ग आखून ठेवला आहे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त तपासून नाकारला. दीनदुबळ्यांच्या अवस्थेची जबाबदारी राज्यावर आणि समाजावर येऊ नये, एवढाच या सिद्धान्ताचा उपयोग होतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. अस्पृश्यतेला जे उत्तर लागू पडते, तेच उत्तर अपंगत्वालाही लागू पडते. आपल्या जन्माला पूर्वजन्मीचे पाप चिकटविणाऱ्यांना आपण नकार दिला. मग तेच पाप आपण आपल्या घरातल्या बहिऱ्या मुलाला कसे चिकटवितो? बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर वेगळे बसत. वेगळ्या गोणपाटाचा अर्थ काय असतो, हे आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. जात आणि अपंगत्व एकच आहेत, असे आम्ही म्हणत नाही. एक माणसांनी निर्माण केलेली आहे, दुसरे शरीराची वस्तुस्थिती आहे. परंतु वगळण्याची रीत दोन्हीकडे सारखीच आहे. प्रथम वेगळे बसवायचे, मग तो वेगळा आहेच असे म्हणायचे.

आमच्या मागणीवर जे आक्षेप घेतले जातील, त्यांचाही विचार आम्ही केला आहे. पहिला आक्षेप असा, की दिव्यांग मुलांसाठी विशेष शाळा आहेत. त्यांना तेथेच चांगले शिक्षण मिळते. यात तथ्यांश आहे. कर्णबधिर मुलाला खुणांची भाषा जाणणारे सोबती आणि शिक्षक हवेत. ते नसलेल्या वर्गात त्याला नुसते बसवून ठेवणे हे समावेशन नव्हे, ती दुसरी एकांतकोठडी आहे. म्हणूनच कायद्यानेही निवडीचा हक्क दिला आहे. परंतु निवड तेव्हाच खरी असते, जेव्हा दोन्ही दारे उघडी असतात. आज सिकलसेलच्या मुलासाठी, एका पायाने अधू असलेल्या मुलीसाठी किंवा क्षीण दृष्टी असलेल्या मुलासाठी विशेष शाळेची गरजच नाही. त्यांना आपल्याच शाळेत थोडी सोय हवी आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. आपली संस्था श्रीमंत नाही, हे आमच्याइतके कोण जाणते? डाळीत पाणी किती पडत असे, हे आम्हाला आठवते. परंतु हिशेब पाहू. पाच पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे अडीच फूट उंची. एकास बारा या प्रमाणित चढाने तीस फूट लांबीचा उतार लागेल, आणि त्याला मध्ये एक विसावा व दोन्ही बाजूंना कठडे. इमारतीच्या दक्षिणेकडे तेवढी जागा मोकळी आहे. महोत्सवानिमित्त प्रवेशद्वारी भव्य कमान उभारण्याचा संकल्प आम्ही ऐकला आहे. कमानीस आमचा विरोध नाही. पण कमानीखालून येणाऱ्याला पुढच्या पायऱ्यांशी थांबावे लागणार असेल, तर आधी उतार व्हावा आणि मग कमान, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तिसरा आक्षेप असा, की इतर मुलांच्या अभ्यासावर परिणाम होईल. परिणाम नक्कीच होईल. आम्ही एका आजारी मुलाला ‘पिवळ्या’ म्हणत वाढलो. त्याच्या शेजारी बसून, त्याची पाण्याची बाटली भरून देत वाढलो असतो, तर आज थोडे बरे शिक्षक, थोडे बरे कारकून आणि थोडे बरे बाप झालो असतो.

तेव्हा संस्थेपुढे आमच्या मागण्या अशा आहेत. मुख्य इमारत, भोजनगृह आणि एका वसतिगृहाला उतार व कठडे करावेत. मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक असे बसक्या आसनाचे, आधाराचे दांडे असलेले शौचालय बांधावे. हे मुलींच्या बाबतीत सर्वांत निकडीचे आहे, कारण शौचालयाअभावी शाळा सोडणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत. प्रवेश अर्जात ‘विद्यार्थी शारीरिकदृष्ट्या सुदृढ आहे काय’ असा रकाना आहे. तो काढून ‘विद्यार्थ्यास कोणत्या सोयींची गरज आहे’ असा रकाना घालावा. पालकांच्या संमतीने प्रत्येक मुलाची सिकलसेल तपासणी आरोग्य केंद्रामार्फत करून घ्यावी, मात्र निष्कर्ष गुप्त ठेवावा. तो फलकावर लागता कामा नये. ज्यांना आजार आहे, त्यांना हिवाळ्यात गरम पाणी, जादा पांघरूण, वर्गात पाणी पिण्याची मुभा आणि कवायतीतून सूट मिळावी, आणि ही सूट शिक्षकाच्या मर्जीवर नव्हे, लेखी नियमावर असावी. परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ यांची तरतूद शासनाने केलेलीच आहे. ती मागण्यासाठी मुलाला कार्यालयात तिष्ठत ठेवू नये. शाळा समितीवर किमान एक दिव्यांग व्यक्ती असावी, कारण ज्याच्यासाठी निर्णय होतो, त्याच्याशिवाय तो होऊ नये. आणि शेवटची मागणी: वरच्या वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीत आपापल्या गावातील शाळाबाह्य दिव्यांग मुलांची नोंद करून आणावी. आमचे सात जणांचे काम तेव्हा सातशे जणांचे होईल.

यासाठी आम्ही केवळ मागून थांबणार नाही. उताराच्या बांधकामाचा निम्मा खर्च आम्ही सातजण आणि आमच्या तुकडीतील इतर सोबती मिळून देऊ. तो देणगी म्हणून स्वीकारू नये, आणि त्यावर आमच्या नावाची फरशी बसवू नये. तो उशिरा भरलेला दंड समजावा.

आमच्या त्या मित्राची भेट आम्हाला कामाच्या निमित्तानेच झाली. एका ग्रामीण रुग्णालयात सिकलसेलच्या रुग्णांची बैठक होती आणि मागच्या बाकावरून एकाने आमच्यापैकी एकाला नावाने हाक मारली. अक्षर अजून तसेच मोत्यासारखे आहे. आता तो गावात अर्ज लिहून देण्याचे काम करतो. रक्तपुरवठा वारंवार तुटल्याने खुब्याचा सांधा झिजला आहे आणि तो कुबडीने चालतो. आम्ही क्षमा मागितली, तेव्हा तो म्हणाला की तुम्ही लहान होता. आमच्यासोबत तो आता बैठकांना येतो आणि आमच्यापेक्षा चांगले बोलतो. आयाबायांना पटते ते त्याचे बोलणे.

महोत्सवाची निमंत्रणपत्रिका आम्ही त्याच्या हाती दिली, तेव्हा ती त्याने दोनदा वाचली. मग विचारले, “पायऱ्या तशाच आहेत का रे?” आम्ही हो म्हणालो. त्याने पत्रिका घडी करून खिशात ठेवली आणि येईन किंवा येणार नाही, यांपैकी काहीच म्हटले नाही.

या प्रश्नाचे उत्तर देणे आता संस्थेच्या हाती आहे. आमच्या शाळेने पिढ्यान्‌पिढ्या बंद दारांबाहेर ठेवलेल्यांची मुले आत घेतली, हीच तिची थोरवी आहे. पुढील वाटचालीत हे दार आणखी रुंद होवो, ही सदिच्छा व्यक्त करून आम्ही संस्थेस, गुरुजनांस आणि सर्व आजी-माजी विद्यार्थ्यांस सविनय जयभीम करतो.